माहिती खुली झाली, पण तुमची नोंद तुम्ही तपासली का?



सातबाऱ्यासाठी तलाठी कार्यालयाच्या चकरा मारल्याचे दिवस तुम्हाला आठवत असतील. आज महाभूलेखवर सातबारा फुकट पाहता येतो आणि १५ रुपये भरले की डिजिटल स्वाक्षरीचा, शासकीय कामाला चालणारा उतारा मोबाइलवर मिळतो. महसूल मंडळात किती पाऊस पडला, कोणत्या बाजार समितीत सोयाबीन काय भावाने गेले, हेही घरबसल्या कळते.

हा बदल चांगलाच आहे. मात्र त्याची दुसरी बाजू ओळखून ठेवा. पूर्वी नोंद चुकली तर "कागदच पाहायला मिळाला नाही" असे म्हणता येत होते. आता नोंद सर्वांसमोर असते, त्यामुळे तुम्ही हरकत घेतली नाही तर ती बरोबर आहे असेच धरले जाते.

ई-पीक पाहणी : सोय आली, जबाबदारीही आली

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतात उभे राहून, पिकाचा फोटो काढून शेतकऱ्याने स्वतः पेरा नोंदवायचा. बांधावर न जाता भरलेल्या गाव नमुना १२ पेक्षा ही पद्धत नक्कीच पारदर्शक आहे. पण नोंद करण्याचे काम तलाठ्यांकडून, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडून, बरेचसे तुमच्याकडे आले आहे.

नोंद राहिली तर काय होते, हे खरीप २०२३ च्या कापूस-सोयाबीन अर्थसाहाय्यात दिसले. हेक्टरी ५,००० रुपये, कमाल २ हेक्टरपर्यंत, अशी मदत होती आणि ती सुरुवातीला ई-पीक पाहणीच्या नोंदीशी जोडली होती. पीक घेतले, पण ॲपवर नोंद नाही, असे शेतकरी यादीबाहेर राहिले. पुढे सातबाऱ्यावर पिकाची नोंद असलेल्यांनाही सामावून घेतले गेले. पण दरवेळी अशी सवलत मिळेलच, असे धरून चालू नका.

नोंद न होण्याची कारणेही खरी आहेत. साधा फोन, शिवारात नेटवर्क नाही, शेवटच्या आठवड्यात सर्व्हर मंद, जमीन आईच्या नावावर आणि मोबाइल मुलाच्या हातात. म्हणून मुदतीच्या शेवटच्या दिवसाची वाट पाहू नका. एका मोबाइलवरून अनेक खातेदारांची नोंद होते, तेव्हा शेजाऱ्याची किंवा गटातील तरुणाची मदत घ्या. नोंद चुकली तर ४८ तासांच्या आत ती एकदा दुरुस्त करता येते. त्यामुळे नोंद केल्यावर त्याच दिवशी गट क्रमांक, पिकाचे नाव आणि क्षेत्र पुन्हा वाचून पाहा. आंतरपीक असेल तर दोन्ही पिके आली आहेत ना, हेही बघा.

पाऊस तुमच्या शेतात, आकडा मंडळाचा

मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी धरली जाते. हा आकडा मंडळातील पर्जन्यमापकाचा असतो. तो तुमच्या शिवारापासून लांब असू शकतो. जोरदार पावसानंतर कृषी विभागाच्या महारेन संकेतस्थळावर मंडळाचा आकडा पाहा. शेतातली परिस्थिती आणि आकडा यांत मोठी तफावत असेल तर फोटो काढा आणि तारखेसह लेखी अर्ज त्याच आठवड्यात द्या. पंचनामे संपल्यावर ही तफावत दाखवली तर उपयोग कमी होतो.

बाजारभाव : तीन आकडे, एक निर्णय

ॲगमार्कनेट आणि राज्य पणन मंडळाच्या संकेतस्थळावर किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन दर असतात. कमाल दर थोड्याशा उत्तम मालाला मिळालेला असू शकतो. बहुतेक माल ज्या दराच्या आसपास विकला गेला तो सर्वसाधारण दर, म्हणून हिशोब त्यावरच करा. सोबत आवकही पाहा.

२०२५-२६ हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आहे. सर्वसाधारण दर त्याच्या खाली असेल तर खरेदी केंद्राचा पर्याय उरतो. तिथे माल १२ टक्के ओलाव्याच्या आत लागतो आणि सातबाऱ्यावर सोयाबीनची नोंदही लागते. म्हणजे ऑगस्टमध्ये टाळलेली पीक नोंद विक्रीच्या वेळी आडवी येते.

खुलेपणा अजून अर्धाच

माहिती पाहणे सोपे झाले, पण चूक दुरुस्त करून घेणे तितके सोपे झालेले नाही. चुकीची पीक नोंद दोन मिनिटांत दिसते. ४८ तास उलटले की तीच दुरुस्त करायला पुन्हा कार्यालय गाठावे लागते. माहिती अधिकार कायदा २००५ च्या कलम ४ नुसार कार्यालयांनी बरीच माहिती मागण्याआधीच जाहीर करायची आहे. त्याच धर्तीवर, दुरुस्तीचा अर्ज कुठे अडला आणि कोणाकडे आहे, हेही प्रत्येक खातेदाराला मोबाइलवर दिसायला हवे. ही मागणी ग्रामसभेत करायला हरकत नाही. उत्तर मिळत नसेल तर १० रुपये शुल्क भरून माहिती अधिकारात अर्ज करा. साधारणपणे ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे.

सहायक कृषी अधिकारी आणि गटप्रमुखांना एक विनंती. ॲप उतरवून घ्यायला सांगून थांबू नका. पीक पाहणीची मुदत संपण्याच्या पंधरा दिवस आधी गावातील नोंद न झालेल्या खातेदारांची यादी चावडीवर लावा. ज्यांच्याकडे फोन नाही त्यांच्यापर्यंत माहिती पोहोचवायला आजही चावडीचा फळाच कामी येतो.

या हंगामात एवढे करा

• पेरणीनंतर ई-पीक पाहणी लवकर करा आणि त्याच दिवशी तपासा.
• हंगामात एकदा तरी सातबारा उघडून गाव नमुना १२ वाचा.
• १५ एप्रिल २०२५ पासून कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक लागतो. त्यात तुमचे सर्व गट जोडले आहेत का, हे पाहा.
• प्रत्येक अर्जाची पोच घ्या आणि तिचा फोटो मोबाइलमध्ये जपून ठेवा.