कुळातल्या लेकी गेल्या कुठे?

कुलवृत्तान्त छापण्याची आपल्याकडे दांडगी हौस. विसाव्या शतकात कितीतरी घराण्यांनी पदरमोड करून जाडजूड ग्रंथ काढले. मूळपुरुषापासून शाखा-उपशाखा मांडल्या. त्यात आपला पणजोबा सापडला की आपणही उगाचच दोन बोटे उंच होतो. पण जुनी पाने चाळताना एक गोष्ट खटकते. या घरांत पिढ्यानपिढ्या जणू मुलगेच जन्माला आले! लेकींचा उल्लेख असलाच तर ‘तीन कन्या’ एवढ्यावर आटोपलेला. अलीकडच्या आवृत्त्यांनी लेकींना जागा दिली हे खरे, पण मागच्या पिढ्या गेल्या त्या गेल्याच.

गेली काही वर्षे मी वडिलांच्या आजीचे माहेर शोधतो आहे. आमच्याकडे तिचे नाव आहे, पण ते सासरचे. लग्नात ताम्हनातल्या तांदळांवर नवे नाव उमटले आणि जन्माचे नाव तिथेच पुसले गेले. म्हणजे आमच्या कागदांत एक सून आहे, तिला माहेर नाही. आणि कुठल्यातरी दुसऱ्या घरच्या कागदांत एक लेक आहे, तिला सासर नाही. हे दोन तुकडे एका घरात असतच नाहीत. दुसऱ्या घराण्याचा शोध घेणारा कोणीतरी भेटावाच लागतो.

मला तो भेटला नाशिकला, क्षेत्रोपाध्यांच्या ओसरीवर. गाव आणि आडनाव सांगितले की उपाध्ये नामावळीची वही काढतात. कोण यात्रेकरू कधी आला, त्याचे भाऊ कोण, मुलगे कोण, हे तिच्यात असते. आणि पुष्कळदा बरोबर आलेली आई, बायको, विधवा बहीणही असते. छापील ग्रंथांपेक्षा या वह्या मनाने मोठ्या! माझ्या शेजारी चिपळूणकडचे एक निवृत्त मास्तर आपली पाने पाहत बसले होते. मला मोडी अडखळत वाचता येते, त्यांना खडखडीत. त्यांनी आमची चार पाने बसल्याबसल्या वाचून दिली आणि वर एक युक्ती सांगितली. श्राद्धात आईकडच्याही तीन पिढ्यांचा, बायकांसकट, नावाने उच्चार करावा लागतो. तेव्हा आजोबांच्या पोथ्यांत पितरांच्या नावांची चिठ्ठी आहे का, ते आधी पाहा म्हणाले. ग्रंथकर्त्यांनी गाळलेल्या बायका अशा चिठोऱ्यांनी जपल्या आहेत.

२०२३ साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी भाव आला आणि गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक, घरोघर ठाऊक झाले. मी पाहिलेल्या त्याच्या पानांवरही बापाचे नाव ठळक, पुढे नुसते ‘मुलगी’.

या वाटेवर मास्तरांसारखी माणसे बरीच भेटतात. झेरॉक्स पाठवतात, स्वतःचे काम बाजूला ठेवून आपली पाने वाचतात. क्वचित ‘आमच्या घरची माहिती बाहेर कशाला?’ म्हणून कपाटाला कुलूप लावणारेही भेटतात. त्यांचे मला नवल वाटते. दीडशे वर्षांपूर्वी दिलेली लेक तुमची एकट्याची कशी राहील? तिची नातवंडे-पतवंडे दुसऱ्या आडनावाने जगताहेत, त्यांचा काहीच हक्क नाही?

महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव वडिलांच्या आधी लिहायचे ठरले. चांगलेच झाले. मात्र तिच्या माहेरच्या आडनावाला त्यात जागा नाही, त्यामुळे शंभर वर्षांनंतरच्या शोधकालाही कोणाची तरी ओसरी गाठावीच लागेल.

मास्तरांचे गेल्या महिन्यात पत्र आले. त्यांच्या घरच्या एका चोपडीत आमच्या गावी दिलेल्या एका मुलीची नोंद निघाली आहे. फक्त जन्माचे नाव आणि गाव, जावयाचे नाव वाळवीने खाल्लेले. मी आमच्याकडची श्राद्धाची तिथी कळवली आहे. त्यांच्या आत्याबाई नव्वदीच्या आहेत, त्यांना विचारून पाहतो म्हणाले.