पोटातला तिसरा
मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून एक कोयता. पोटातला तिसरा कुठंच मांडलेला नाही!

माझी वहिनी पाचव्या महिन्यापर्यंत फडात मोळ्या वाहत होती. दवाखान्यात गेली तर खाडा. आई म्हणायची, इतक्यात सांगू नको, नजर लागंल. मीही गप्प. कसली नजर? रक्ततपासणी, फॉलिक ॲसिडची गोळी, हे सगळं पहिल्या बारा आठवड्यांतच सुरू व्हायला हवं.

१९२८ साली बाबासाहेब मुंबई कौन्सिलात मजूर बाईच्या बाळंतपणासाठी भांडले. १९२९ ला कायदा आला, तो कारखान्यापुरता. फड बाहेरच राहिला.

भावांनो, मोर्चात घसा फोडता, मग पाळी चुकताच बायकोसंगं दवाखान्यात जायला लाज कसली? आधी नाव नोंदवा. खाडा मांडणाऱ्याला आपण मिळून बघू.