गाडा, डबा आणि वर्गणी

दरवर्षी चैत्रात, म्हणजे बहुधा एप्रिल महिन्यात, मुंबईचे डबेवाले पाच-सहा दिवस सुट्टीवर जातात. वर्तमानपत्रांत त्याची दोन ओळींची बातमी येते. कार्यालयांतील मंडळी त्या आठवड्यात वडापावावर किंवा राइसप्लेटवर भागवतात आणि पुढच्या आठवड्यात सारे पूर्ववत सुरू होते. हे डबेवाले जातात कोठे, असा प्रश्न सहसा कोणाला पडत नाही. ते खेड, आंबेगाव, जुन्नर, मावळ, मुळशी या भागांतील आपापल्या गावी, ग्रामदैवताच्या यात्रेला जातात. आणि आमच्या खेड तालुक्यात यात्रा म्हटली की पालखी, तमाशा, कुस्त्या यांच्या जोडीला बैलगाडा आलाच.

माझे वडील डबेवाले आहेत. लालबागच्या चाळीतील आमच्या खोलीत खंडोबाच्या तसबिरीशेजारी एका खोंडाचा फोटो आहे. त्याचे नाव लक्ष्या. गावी आमच्या तीन चुलत्यांच्या घरांचा मिळून एक गाडा आहे. तेव्हा या विषयात मी तटस्थ नाही, हे आधीच सांगून ठेवतो. शर्यती क्रूर म्हणून बंद करा असे म्हणणारे वर्गात बरेच आहेत. मोबाइलवर धावत्या बैलांची चित्रफीत लावून, मागे गाणे टाकून वाहवा करणारे त्याहून अधिक आहेत. या दोघांशीही माझे जमत नाही.

ज्यांनी आमच्याकडचा गाडा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. सातारा-सांगलीकडे सपाट मैदानात अनेक जोड्या शेजारी-शेजारी पळतात. आमच्या पुणे जिल्ह्यात घाट असतो, म्हणजे चढाची धावपट्टी. निमगावच्या खंडोबाचा घाट, थापलिंगचा घाट ही नावे आमच्याकडे लहान मुलांनाही ठाऊक असतात. गाड्याला चार बैल, दोन पुढे, दोन मागे. त्यांच्यापुढे घोडीवरचा स्वार. गाड्यावर बहुधा कोणी बसत नाही. खाली माणसे बैल धरून उभी असतात, निशाण पडते, बैल सुटतात आणि वर दुसरी माणसे त्यांना धरायला पळतात. एका धावेला बारी म्हणतात. चांगली बारी ११-१२ सेकंदांत संपते. शर्यत दुसऱ्या गाड्याशी नसते, घड्याळाशी असते. वर्षभराचा खुराक, सराव, भांडणे आणि नवस यांचा निकाल ११-१२ सेकंदांत!

बहुतेक घरांकडे तोलाचे चार बैल नसतात. मग दोन घरे आपल्या जोड्या एकत्र करतात. आमचे दोन खोंड, शेजारच्या वाडीतल्या एका घराचे दोन. बारीच्या वेळी निवेदक ध्वनिक्षेपकावरून मालकाचे नाव पुकारतो, आणि ते बहुतेक वेळा हयात नसलेल्या माणसाचे असते. आमच्या गाड्यालाही आजोबांचे नाव आहे. ज्या माणसाने जन्मभर डोक्यावर डब्यांची पाटी वाहिली, त्याचे नाव वर्षातून एकदा हजारो माणसांपुढे मोठ्याने घेतले जाते. या गोष्टीला काय किंमत आहे, ते ज्यांची नावे इमारतींवर कोरलेली असतात त्यांना समजणे अवघड आहे.

आता कायद्याकडे वळू. २०११ साली केंद्र सरकारने प्रदर्शन व प्रशिक्षण यांसाठी मनाई असलेल्या प्राण्यांत बैलाचा समावेश केला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतील जल्लिकट्टूबरोबर महाराष्ट्रातील शर्यतीही बंद केल्या. २०१७ साली राज्याने कायद्यात दुरुस्ती केली; ती उच्च न्यायालयात अडली. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटींवर परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तमिळनाडू, कर्नाटक व महाराष्ट्र या तिन्ही राज्यांचे कायदे ग्राह्य धरले. कायद्याच्या दृष्टीने वाद मिटला. आमच्या गावी त्या दिवशी पेढे वाटले.

परंतु २०१४ च्या निकालात जे लिहिले होते, ते खोटे होते असे मात्र कोणी म्हणू नये. शेपटी पिरगाळणे, चावणे, काठीला खिळा लावून टोचणे, विजेचा धक्का देणे हे प्रकार घाटात होत होते. व्यासपीठावरून ‘बैल आम्हाला लेकरासारखा’ असे सांगणाऱ्यांना हे माहीत असते. लेकरासारखा असतोही, आमच्या आजीने लक्ष्याला आपल्या हाताने वाढवला आहे. पण लेकराला मारणारे बापही जगात असतात, आणि आपल्या बाजूचा माणूस चुकतो तेव्हा गप्प बसायचे, ही कसली संस्कृती?

बंदीची सात वर्षे आमच्या घराने कशी काढली हेही सांगितले पाहिजे. नांगरट ट्रॅक्टरने होऊ लागली होती. शर्यत नाही, शेतात काम नाही, आणि २०१५ पासून बैलाच्या कत्तलीवर राज्यात बंदी. म्हणजे बैल पोसायचा तो केवळ पोसण्यासाठी. अनेक घरांनी खोंड विकले. आमच्या घरात दर महिन्याला मुंबईहून पैसे जात राहिले, कारण आजीपुढे तो विषय काढण्याची कोणाची छाती नव्हती. २०२० च्या टाळेबंदीत डबे बंद झाले, वडील गावी गेले, आणि तेव्हाही गोठ्यातला खुराक सर्वांत शेवटी कमी झाला. आज लक्ष्याचा महिन्याचा खुराक माझ्या महाविद्यालयाच्या वर्षाच्या फीपेक्षा थोडासाच कमी आहे. दोन्ही एकाच खिशातून जातात. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला, त्यामुळे यातला कोणता खर्च चैनीचा आणि कोणता गरजेचा, यावर आमच्याकडे अधूनमधून चर्चा होते. ती मी येथे देत नाही.

गेल्या चैत्रात आमचा गाडा दुसऱ्या गावच्या घाटाला होता. आमच्या बारीचा क्रमांक सकाळचा लागला होता, म्हणून बैल आदल्या संध्याकाळीच टेम्पोत पेंढा अंथरून नेले. घाटाखालच्या माळावर पन्नासेक टेम्पो लागले होते आणि प्रत्येकाशेजारी एकेक घर उतरले होते. हो, घरच म्हणायचे. थोरले चुलते तात्या, धाकटे काका, वडील, आम्ही चार चुलत भाऊ, शिवाय जोडीदार घरची माणसे. आजीने भाकरी, पिठले आणि ठेचा बांधून दिला होता. बैलांच्या पायांना कोमट तेल चोळले, पाणी बेताने पाजले, चिलटांसाठी शेणी पेटवून धूर केला. आमच्यात कामे वाटलेली असतात. एकाने बैलाजवळ बसायचे, एकाने पाणी बघायचे, एकाने टेम्पोतले सामान सांभाळायचे. परका माणूस रात्री बैलाच्या तोंडाजवळ येऊ द्यायचा नाही, हे काम सर्वांचे. वडील म्हणाले, “हे आपल्या डब्याच्या लाइनीसारखंच. एक चुकला की सगळ्यांचं चुकतं.”

पण त्या रात्री बैलांना झोप नव्हती. माळाच्या एका टोकाला मंडप होता. त्यात दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या बक्षिसाची मोटारसायकल फुलांच्या माळा घालून उभी केली होती आणि तिच्यापुढे मध्यरात्रीपर्यंत कर्णे वाजत होते. दर गाण्याला लक्ष्या कान टवकारून उभा राही. तात्या त्याच्या मानेवरून हात फिरवीत बसले होते.

एकच्या सुमारास एक अनोळखी माणूस आला. आधी बैलाची तारीफ केली, मग बसला. हळूच म्हणाला, “सामान हाय आपल्याकडं. बारीच्या टायमाला निस्ता हात लावायचा. कुणाला दिसत बी नाय.” सामान म्हणजे विजेचा धक्का देणारी बॅटरी. तात्यांनी आवाज चढवला नाही. म्हणाले, “आरं, ह्यो पळतोय त्यो त्याच्या मनानं पळतोय. बॅटरीवरच पळवायचं आसतं तर मोटार नसती घेतली व्हय?” माणूस हसला आणि शेजारच्या टेम्पोकडे गेला. तिथे तो आमच्याकडच्यापेक्षा बराच वेळ बसला. नंतर आमचे धाकटे काका बराच वेळ गप्प होते. मग मंडपाकडे बघत म्हणाले, “तात्या, गाडी लागली तर दादाचं पोरगं डबे गाडीवरनं नेईल.” तात्या काही बोलले नाहीत. वडीलही नाहीत. दोघेही भले आहेत आणि काकाही भले आहेत. त्या फुलांनी मढवलेल्या मोटारसायकलने मात्र आमच्या घरात तासभर एक तट पाडला होता.

सकाळी आमची बारी दुसऱ्या नंबरात बसली. गुलाल उधळला, आजोबांचे नाव दोनदा पुकारले गेले. दुपारी पांढऱ्या कपड्यांतले एक गृहस्थ येऊन लक्ष्याचे अडीच लाख देतो म्हणाले. असे गृहस्थ हल्ली प्रत्येक घाटाला असतात. ते खोंड वाढवीत नाहीत, पळता खोंड विकत घेतात, आणि पुढच्या मोसमात तो मागे पडला की विकतात. आजीपर्यंत निरोप गेला. तिने उत्तर पाठवले ते येथे छापण्याजोगे नाही.

हे सारे सांगण्याचे कारण असे की, क्रौर्याचा विचार आपण चुकीच्या टोकाकडून करीत आहोत. नियमांचा सारा भर काठी, चाबूक, धावेचे अंतर आणि पशुवैद्याची तपासणी यांवर आहे. हे आवश्यकच आहे. पण ११-१२ सेकंदांच्या बारीत, गर्दीत, मुठीत मावणारी वस्तू कोण पकडणार? ती वस्तू माणूस का आणतो, हा प्रश्न आहे. पूर्वी बक्षीस म्हणजे फेटा, नारळ, फार तर ढाल किंवा तांब्याची घागर. फेट्यासाठीही कोणी बैलाला छळले नसेल असे नाही. अहंकार फुकटच असतो. पण फेट्यासाठी रात्री एक वाजता टेम्पो-टेम्पोवर फिरून धंदा करणारा माणूस जन्माला येत नाही. २०२२ च्या मे महिन्यात पिंपरी-चिंचवडमधील चिखलीच्या शर्यतीत पहिले बक्षीस जेसीबी यंत्र होते. २०२३ साली सांगली जिल्ह्यातील भाळवणीला थार मोटार ठेवली होती. एकदा हे आकडे ऐकले की साध्या यात्रेच्या समितीलाही नारळ-फेटा द्यायची लाज वाटते. बक्षीस जितके मोठे, तितका बैल लहान होत जातो.

येथे काही मित्र महालक्ष्मीच्या रेसकोर्सकडे बोट दाखवतात. आमच्या लालबागपासून ते दूर नाही. १८८३ सालापासून तेथे घोडे पळतात, जॉकीच्या हाती चाबूक असतो, पैजा लागतात, आणि त्याला कोणी अडाणीपणा म्हणत नाही. आमचा बैल पळाला की मात्र संस्कृतीचा प्रश्न उभा राहतो! या तक्रारीत तथ्य आहे, आणि ती मीही केली आहे. पण ही तक्रार बैलाच्या काही कामाची नाही. शिवाय आमचे घाट त्याच रेसकोर्सच्या वाटेने निघाले आहेत: मालक वेगळा, सांभाळणारा वेगळा, बघणारा वेगळा. घराचा गाडा जाऊन पैशाचा गाडा येत आहे.

कोणी म्हणेल, बक्षीस कमी केले तर खुराकाचा खर्च कसा निघावा? तो बक्षिसातून निघतच नाही. मोटारसायकल एकाला मिळते. बाकीची घरे रिकाम्या हाताने टेम्पोचे भाडे देतात. तोच पैसा प्रत्येक पळलेल्या बैलाच्या पेंडीला, माळावरच्या पाण्याला आणि सावलीला, रात्रभर हजर राहणाऱ्या पशुवैद्याला का लावू नये? आणि पाच-सहा वर्षे पळून थकलेल्या बैलाला? त्याच्याविषयी तर कोणत्याच व्यासपीठावरून कोणी बोलत नाही. गर्दी कमी होईल म्हणता, तर होऊ द्या.

हे बोलण्याचा अधिकार आम्हाला आहे, कारण यात्रेचा मोठा पैसा मुंबईहून जातो. फेब्रुवारी-मार्चमध्ये गावची मुंबईकर मंडळी कोणाच्या तरी खोलीत जमतात, वहीत नावे लिहितात आणि वर्गणी गोळा होते. डबेवाले, माथाडी, गिरणीतून निवृत्त झालेले म्हातारे, कोणी बेस्टमधला. या वर्षी ती बैठक आमच्या खोलीत झाली. सोळा माणसे दहा बाय बाराच्या खोलीत, निम्मी गॅलरीत. वडिलांनी प्रथमच एक अट मांडली: वर्गणी नेहमीसारखी देऊ, पण ती वाहनाच्या बक्षिसासाठी वापरायची नाही, पहिल्या नंबराला फेटा आणि ढाल, आणि पळेल त्या प्रत्येक गाड्याला पेंडीचे पोते. मोठा वाद झाला. एक जण म्हणाला, शेजारच्या गावात गाडी आणि आपल्या गावात पोते, लोक हसतील. दुसरा म्हणाला, हसू द्या, बैल हसत नाही. शेवटी सोळापैकी अकरांनी अटीवर सही केली. धाकटे काका त्यासाठी गावाहून आले होते. त्यांनी सही केली, पण सर्वांत शेवटी.

कागद मी लिहून दिला, कारण खोलीत शुद्ध लिहिणारा मीच होतो. तो गावच्या यात्रा समितीकडे गेला आहे. समितीने अद्याप उत्तर दिलेले नाही, आणि वर्गणीचे पैसे वहीसह आमच्या कपाटात आहेत.