जुना गिअर कोणता चांगला? गुडघ्याला विचारा

जुन्या सायकलींच्या शौकिनांमध्ये एक वाद वर्षानुवर्षे रंगतो आहे. शर्यतीच्या जुन्या सायकलींवरचा सर्वांत चांगला ग्रुपसेट कोणता? ग्रुपसेट म्हणजे क्रँक, चेनव्हील, गिअर बदलणारा डिरेलर, हब, ब्रेक अशा एकाच कंपनीच्या, एकमेकांशी जुळवून बनवलेल्या भागांचा संच. कोणी इटलीच्या कॅम्पाग्नोलोचे नाव घेतो, कोणी जपानच्या सनटूरचे, कोणी शिमानोचे. आजोबांच्या रॅलेवर वाढलेला एखादा इंग्लंडच्या स्टर्मी-आर्चरसाठी भांडतो. पुण्यात कर्वेनगरमधले विक्रम पेंडसे सायकल संग्रहालय पाहिलेल्यांना या वादातला जिव्हाळा लगेच कळेल. शंभर वर्षांची यंत्रविद्या त्या छोट्या चक्रांत आणि कटोऱ्यांत दडलेली आहे.

वाद छान आहे. मात्र त्यात वापरली जाणारी फूटपट्टी मला अपुरी वाटते. चकाकी, दुर्मिळता, कोणत्या विजेत्याच्या सायकलीवर तो संच होता, यावर गुण दिले जातात. सायकल हे शरीराने चालणारे यंत्र आहे. तेव्हा तिचे भाग शरीराला कसे वागवतात, यावर गुण का देऊ नयेत? आणि ही परीक्षा गुळगुळीत रस्त्यावर न घेता राजूरसारख्या ठिकाणी घेतली तर?

यवतमाळ जिल्ह्याच्या वणी तालुक्यातले राजूर म्हणजे कोळसा आणि चुना. एकीकडे कॉलरी, दुसरीकडे चुनाभट्ट्या. रस्त्यावर कोळशाचे ट्रक, हवेत काळी-पांढरी धूळ, मे महिन्यात पंचेचाळीस अंशांना टेकणारा पारा आणि पावसाळ्यात चिकट काळा चिखल. इथे सायकल हा छंद नव्हता. पाळीवर वेळेत पोहोचण्याचे ते साधन होते, आणि अनेकांसाठी अजूनही आहे. या गावात टिकेल तो संच खरा, असे मानून तीन प्रश्न विचारू.

पहिला प्रश्न गुडघ्याचा

आधी स्पर्धक पाहू. तुल्लिओ कॅम्पाग्नोलो यांनी १९३३ मध्ये व्हिचेन्झा शहरात कंपनी काढली. १९६७ मध्ये आलेला त्यांचा ‘नुओव्हो रेकॉर्ड’ डिरेलर आणि त्याभोवतीचा संच हा शौकिनांचा सर्वांत लाडका. जपानच्या माएदा कंपनीने १९६४ मध्ये सनटूर या नावाखाली तिरक्या चौकटीचा डिरेलर आणला. मागच्या लहान-मोठ्या चक्रांच्या उतारालाच समांतर सरकत असल्याने तो चेन सफाईने बदलतो. त्याचे पेटंट १९८४ मध्ये संपले आणि त्याच वर्षी शिमानोने ती रचना घेऊन, ‘टक्’ आवाजासरशी नेमका गिअर पडणारा ‘ड्युरा-एस’ बाजारात आणला. आजच्या बहुतेक गिअरच्या सायकली या दोघांच्या वारसदार आहेत. स्टर्मी-आर्चरचा मार्ग निराळा. १९०२ पासून नॉटिंगहॅममध्ये बनलेल्या त्यांच्या हबमध्ये गिअर चाकाच्या पोटातच असतात. १९३६ चे तीन गिअरचे ‘एडब्ल्यू’ हब सर्वांत गाजले.

आता थोडे गणित. गिअरचे सगळे सार एका आकड्यात मावते : पायंडलच्या एका फेऱ्यात सायकल किती मीटर पुढे जाते. आपल्या काळ्या सायकलीला पुढे ४४ आणि मागे १८ दाते धरले, तर अठ्ठावीस इंची चाकावर हे अंतर सुमारे ५.४५ मीटर होते. सपाट रस्त्यावर मिनिटाला साठ फेरे मारले की ताशी वीस किलोमीटरच्या आसपास वेग मिळतो. तिथे ठीक आहे.

प्रश्न चढावर येतो. माणूस, सायकल आणि डबा मिळून ९० किलो धरू. शंभर मीटरला पाच मीटर चढणारा रस्ता आणि वेग ताशी दहा किलोमीटर. या काळ्या सायकलीवर पायंडलवर सरासरी सुमारे २८ किलो वजन ठेवल्याइतका जोर सतत लागतो आणि फेरे मिनिटाला जेमतेम तीस पडतात. पायंडल आडवे असतानाचा जोर तर याहून बराच जास्त. पन्नास वर्षांपूर्वीच्या शर्यतीच्या संचावर पुढे ४२ आणि मागे २४ दाते घेतले, तर एका फेऱ्यात ३.६८ मीटर आणि जोर सुमारे १९ किलो. आजच्या सायकलीवर पुढे-मागे ३४-३४ दाते असतील तर तोच जोर ११ किलोच्या घरात येतो आणि फेरे ऐंशीला टेकतात. चढ तोच, वेग तोच, शरीराला करावे लागणारे कामही तेवढेच. फरक इतकाच की ते काम थोड्या जड ढकलण्यांत करायचे की अनेक हलक्या फेऱ्यांत.

गुडघ्याच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे. वाकलेल्या गुडघ्याने जोर लावताना वाटी मांडीच्या हाडावर दाबली जाते. जितका जोर जास्त आणि गुडघा जितका वाकलेला, तितका हा दाब वाढतो. एरवी सायकल गुडघ्यांसाठी उत्तम व्यायाम आहे, कारण शरीराचा भार सीट पेलते. जड गिअर आणि खाली बसवलेली सीट ही जोडी मात्र त्या फायद्यावर पाणी टाकते. एप्रिल-मेच्या उन्हात आधीच थकलेल्या शरीराला तर प्रत्येक जड ढकलणी महागात पडते.

या प्रश्नावर इटालियन सौंदर्याचे गुण कमी होतात. त्या संचाच्या क्रँकवर चक्र बसवण्याच्या बोल्टांची रचनाच अशी होती, की पुढचे चक्र ४१ दात्यांहून लहान बसतच नसे. तो विशी-पंचविशीतल्या व्यावसायिक शर्यतवीरांसाठी बनलेला होता. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट चढून ‘घाटांचा राजा’ ठरणाऱ्याला तो शोभतो. चाळिशी ओलांडलेल्या हौशी माणसाने हौसेने तो बसवून रोज चढ चढावा, हे मला पटत नाही.

उलट तीन गिअरच्या हबचे पाहा. मधला गिअर जसाच्या तसा, खालचा त्याच्या तीन-चतुर्थांश, वरचा एक-तृतीयांशाने जड. काळ्या सायकलीला हे हब लावून मागे २२ दात्यांचे चक्र घातले, तर खालच्या गिअरमध्ये एका फेऱ्यात सुमारे ३.३५ मीटर अंतर पडते आणि त्याच चढावर जोर १७ किलोच्या आसपास येतो. पोटातल्या दातेरी चक्रांच्या घर्षणात काही शक्ती वाया जाते, हे धरूनही आजोबांच्या हबने शर्यतवीरांच्या संचाशी बरोबरी केली!

दुसरा प्रश्न धुळीचा

डिरेलरची छोटी चक्रे आणि चेन उघड्यावर फिरतात. तेलाला चिकटलेली कोळशाची भुकटी तिथे घासकागदासारखे काम करते. चेन झिजते, लांबते आणि मग चक्रांचे दातेही खाते. हबमधले गिअर झाकलेले असतात. त्यांना अधूनमधून थेंबभर पातळ तेल पुरते.

चुन्याची गोष्ट आणखी गंमतीची आहे. भट्टीतून निघणारी चुनकळी ओलावा मिळताच विरलेला चुना होते आणि तो तीव्र अल्कली असतो. पानाला चुना जास्त लागला की जीभ पोळते ती यामुळेच. ॲल्युमिनियमवर जो पातळ ऑक्साइडचा थर असतो, तोच त्या धातूचे कवच. तीव्र अल्कलीत हे कवच विरघळते आणि धातू खाल्ला जातो. लोखंडाचे नेमके उलटे. अल्कलीत त्याच्यावर संरक्षक थर टिकतो, म्हणून तर काँक्रीटमधली सळई वर्षानुवर्षे शाबूत राहते. म्हणजे पॉलिश केलेले चमचमते इटालियन क्रँक राजूरच्या भट्ट्यांजवळच्या ओल्या धुळीत लवकर काळवंडतील आणि साधे पोलादी क्रँक त्या धुळीला तरी दाद देणार नाहीत. पावसात पोलाद गंजते, हे खरेच. पण गंज डोळ्यांना दिसतो.

न दिसणारे संकट वेगळे आहे. धातूवर पुन्हापुन्हा ताण पडला की तो थकतो. पोलादाच्या बाबतीत ताण एका मर्यादेखाली ठेवला तर भाग जवळजवळ कितीही फेरे सोसतो. ॲल्युमिनियमला अशी सुरक्षित मर्यादा नाही. लहान ताणही साठत जातो आणि एक दिवस केसाएवढी चीर पडते. जुन्या कॅम्पाग्नोलो क्रँकमध्ये दांडा आणि चक्र धरणारे हात जिथे मिळतात, त्या खाचेत अशा चिरा पडतात, हे जाणकारांना ठाऊक आहे. पूर्ण जोर लावलेला असताना क्रँक तुटला तर माणूस तोंडावर आपटतो. म्हणून पन्नास वर्षांचा संच विकत घेताना चकाकीपेक्षा आधी भिंग घेऊन ती खाच पाहावी. शंका आली तर तो भाग शोकेसमध्ये ठेवावा. तो तिथेही सुंदरच दिसतो.

तिसरा प्रश्न थांबण्याचा आणि दुरुस्तीचा

इथे माझ्या लाडक्या पक्षालाही बोल लावायला हवा. काळ्या सायकलीचे दांडीचे ब्रेक आणि क्रोमचा मुलामा दिलेली पोलादी रिम ही पावसातली धोकादायक जोडी. ओल्या क्रोमवर ब्रेकचे रबर घसरते आणि कोळशाच्या ट्रकमागून चाललेल्या माणसाला ते परवडत नाही. शर्यतीच्या जुन्या संचांबरोबर येणारी ॲल्युमिनियमची रिम ओल्या रस्त्यावर कितीतरी बरी पकडते. तेवढा एक भाग त्यांच्याकडून जरूर घ्यावा. भट्ट्यांच्या बाजूला राहणाऱ्याने रिमवरची धूळ आधी कोरडी झाडावी, मग भरपूर पाण्याने धुवावी. तीन गिअरच्या हबचाही एक दोष आहे. केबल नीट ताणलेली नसेल तर दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरच्या मध्ये पायंडल एकदम मोकळे फिरते. उभे राहून जोर लावत असाल तर पडायला तेवढे पुरे.

दुरुस्तीत काळी सायकल अजिंक्य आहे. छर्रे, कटोरी, कॉटर पिन, फ्रीव्हील कोणत्याही बाजारात मिळते. जुन्या इटालियन, फ्रेंच आणि इंग्लिश भागांचे आटे मात्र एकमेकांना बसत नाहीत. सनटूरची मूळ कंपनी नव्वदच्या दशकात संपली, त्यामुळे तिचे सुटे भाग शोधत फिरावे लागते. स्टर्मी-आर्चरची हबे तैवानमध्ये आजही बनतात.

तर माझा निकाल असा. कलाकुसरीत कॅम्पाग्नोलो, कल्पकतेत सनटूर, सफाईत शिमानो. पण शरीराची काळजी, धुळीतला टिकाऊपणा आणि दुरुस्ती यांची बेरीज केली तर पहिला क्रमांक तीन गिअरच्या हबला. शौकीन म्हणतील की ते शर्यतीचे यंत्रच नव्हे. मान्य. पण आपल्यापैकी शर्यतीत कितीजण उतरतात?

यातून हाती काय लागते? संग्राहकांनी संग्रह जरूर करावा. मात्र रोज चालवायच्या सायकलीवर नाव पाहून गिअर बसवू नये, मागच्या चक्राचे दाते मोजून बसवावा. साध्या काळ्या सायकलीला तर गिअरही लागणार नाहीत. मागचे १८ दात्यांचे फ्रीव्हील काढून २२ दात्यांचे घाला. गरज पडल्यास चेन थोडी वाढवावी लागेल. आपल्या उदाहरणातल्या चढावरचा जोर २८ किलोंवरून २३ किलोंवर येतो. सपाटीवर साठ फेऱ्यांना ताशी वीसऐवजी सोळा किलोमीटर मिळतील, हा त्याचा मोबदला. सीटवर बसून टाच पायंडलवर टेकवली असता पाय सरळ झाला, तर सीटची उंची साधारण बरोबर समजावी. गुडघा आधीच दुखत असेल तर हे सारे करण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवावे.

आणि एक मागणी. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या शाळकरी मुलींना सायकली मिळतात. ही योजना मुलींना शाळेत टिकवते, म्हणून ती मोलाची आहे. त्या सायकली निवडताना रंग आणि किमतीबरोबर मागच्या चक्राचे दातेही विचारले जावेत. दप्तर घेऊन, उलट्या वाऱ्यात, खड्ड्यांच्या रस्त्याने चार-पाच किलोमीटर जाणाऱ्या तेरा वर्षांच्या मुलीला हलका गिअर मिळणे, ही चैन मानू नये. चार दात्यांच्या फरकाला फारसा पैसा लागत नाही. तो प्रश्न विचारणारे कोणीतरी मात्र लागते.