झाकणे आणि सावरणे

सप्त व्यसनांची नावे आपल्या मुलांना पाठशाळेतच पाठ होतात. मद्य, मांस आणि मधू यांच्या त्यागापासून श्रावकाच्या मूलगुणांचा आरंभ होतो. त्यामुळे एखाद्या जैन व्यापारी कुटुंबात मद्याने पाय ठेवला, तर ते कुटुंब दुहेरी संकटात सापडते. एक संकट व्यसनाचे, दुसरे ते उघड होण्याच्या भीतीचे. पेढीची पत, मुलीचे स्थळ, मंदिरातील मान या सर्वांवर सावट येईल म्हणून घरातील कोणी बोलत नाही. ‘भाऊंना बरे नाही’ असे सांगून धाकटा दुकान उघडतो, देणेकऱ्यांचे तगादे थोरला मुलगा निस्तरतो आणि आजार मात्र आत वाढत राहतो.

आजार हा शब्द येथे जाणीवपूर्वक वापरला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात मद्यावलंबनाची नोंद विकार म्हणूनच आहे. केवळ शपथ घालून तो बरा होत नाही, हे अनेक घरांनी अनुभवले आहे. मोठ्या अपेक्षेने त्या व्यक्तीला महाराजांपुढे नेले जाते, आजन्म त्यागाचे व्रत दिले जाते, काही आठवड्यांत ते मोडते. मग व्रतभंगाची अपराधी भावना असह्य होऊन पुन्हा पेला हाती येतो. या ठिकाणी आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात केलेला भेद स्मरणीय आहे. मर्यादित काळासाठी घेतलेला तो नियम आणि यावज्जीव घेतलेला तो यम. ज्याला यम पेलत नाही, त्याने नियमापासून प्रारंभ करण्यात कमीपणा नाही.

अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, म्हणजे ‘एए’, या बंधुभावी चळवळीची रीत नेमकी हीच आहे. आजचा एक दिवस प्यायची नाही, उद्याचे उद्या पाहू. तिचा जन्म व्यापारातील एका अपयशातून झाला, हे आपल्या वाचकांना उद्बोधक वाटेल. 1935 साली न्यूयॉर्कचे शेअर व्यावसायिक बिल विल्सन एका व्यवहारासाठी अमेरिकेतील अ‍ॅक्रन शहरी गेले होते. दारू सोडून त्यांना काही महिनेच झाले होते. व्यवहार फसला. हॉटेलातील मद्यालय समोर दिसत असताना त्यांनी दूरध्वनी फिरवून आपल्यासारखाच एखादा मद्यासक्त गाठून देण्याची विनंती केली. अशा रीतीने डॉ. बॉब स्मिथ या शल्यविशारदाशी त्यांची भेट झाली. दुसऱ्याला सावरताना आपला तोल टिकतो, हे दोघांना उमगले. डॉ. स्मिथ यांनी अखेरचे मद्य घेतले तो 10 जून 1935 हा दिवस चळवळीचा स्थापनादिन मानला जातो.

या सभांना शुल्क नाही, अर्ज नाही, आडनाव विचारले जात नाही. दारू सोडण्याची इच्छा एवढीच पात्रता. बंद सभा केवळ मद्यासक्तांसाठी असते, खुल्या सभेत नातेवाइकांनाही बसता येते. अनेक सभा चर्चच्या वा शाळेच्या खोलीत भरतात, त्यावरून धर्माविषयी शंका घेऊ नये. ‘उच्चतर शक्ती’ कशाला मानावे, हे ज्याचे त्याने ठरवायचे असते. सृष्टिकर्ता न मानणारा जैन तेथे पंचपरमेष्ठींचे स्मरण करू शकतो. चौविहार पाळणाऱ्याने चहा नाकारला, तरी कोणी वाईट मानत नाही.

सभा शोधावी कशी? एएच्या भारतातील संपर्क क्रमांकावर गावाचे नाव सांगून वार, वेळ, स्थळ आणि सभेची भाषा विचारावी. केंद्र शासनाची 14446 ही निःशुल्क व्यसनमुक्ती मदतवाहिनी आहे. शासकीय रुग्णालयातील मानसोपचार विभागालाही परिसरातील गटांची माहिती असते. पुण्यात 1986 साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राकडेही चौकशी करता येईल. आपल्या पेठेत ओळखीचे भेटतील असा संकोच वाटल्यास दुसऱ्या भागातील सभा निवडावी, बाजारबंदीच्या वारी शेजारच्या गावी जावे. पहिल्या सभेवरून मत बनवू नये. निदान चार-सहा सभांना बसून पाहावे, एक गट रुचला नाही तर दुसरा पाहावा.

एक इशारा मात्र आवश्यक आहे. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने दारू एकाएकी तोडल्यास कंप, झटके, भ्रम असे प्राणघातक त्रास उद्भवू शकतात. म्हणून आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. सभा हा उपचारांचा पर्याय नसून त्यांचा सोबती आहे.

घरच्यांसाठी स्वतंत्र व्यवस्था आहे. 1951 साली सुरू झालेली अल्-अॅनॉन ही संघटना मद्यासक्तांच्या आप्तांची आहे. व्यसनी व्यक्ती सभेला जावो वा न जावो, तिची पत्नी, आई वा पती तेथे जाऊ शकतात. तिचे कर्ज परस्पर फेडणे, तिच्या वतीने खोटे बोलणे थांबवूनही प्रेम कसे टिकवावे, हे तेथे समदुःखी माणसांकडून शिकता येते.

सम्यग्दर्शनाच्या आठ अंगांत उपगूहनानंतर लगेच स्थितीकरण येते. असमर्थाचा दोष चव्हाट्यावर मांडू नये, हे पहिले. ढळणाऱ्याला पुन्हा स्थिर करावे, हे दुसरे. आपण पहिल्यापाशीच थांबतो. स्थितीकरणाचा दृष्टांत म्हणून वारिषेण मुनींची कथा सांगितली जाते. मन संसारात अडकलेल्या पुष्पडाल मुनींना त्यांनी उपदेशाच्या भडिमाराने सावरले नाही. आपल्या राजवाड्यात नेऊन, स्वतः सोडलेले वैभव दाखवून सावरले. ज्याने स्वतः सोडले, त्याचा शब्द पोहोचतो. या सभांचे सामर्थ्यही याहून निराळे नाही.

आपल्या संघांना यात एक लहानसे कार्य करता येईल. पाठशाळेची खोली आठवड्यातील एक संध्याकाळ अशा गटाला उपलब्ध करून द्यावी. एए बाहेरची देणगी स्वीकारत नाही, त्यामुळे दात्याच्या नावाची पाटी लागणार नाही. उलट तेच माफक भाडे देतील, ते निःसंकोच घ्यावे. त्या संध्याकाळी खोलीत कोण आले, याची विचारणा कोणत्याही विश्वस्ताने करू नये.