उमेद आणि उमेदवारी

गेल्या जुलैत, पावसाची भुरभुर चालू असताना, माझी धाकटी लेक शाळेतून येताना खारी-टोस्टचं एक पुठ्ठ्याचं खोकं घेऊन आली. आत मांजरीची चार पिल्लं होती. आई येईल म्हणून तिने दोन तास वाट पाहिली होती. पिल्लांचे डोळे नुकतेच उघडलेले, म्हणजे दहा-बारा दिवसांची असावीत, आणि उघडलेले डोळे पुवाने पुन्हा चिकटलेले. स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकेकाला ठेवलं. सगळ्यांत मोठं १९० ग्रॅम, सगळ्यांत लहान १४०.

माझ्या सासूबाई, ज्यांना आम्ही सगळे अम्मा म्हणतो, त्यांनी खोक्यात डोकावून पाहिलं आणि म्हणाल्या, "ये बचते नईं दिखते बेटा."

अम्मांचं बरंचसं खरं ठरलं. चारांतली तीन गेली. तरीही त्या तीन आठवड्यांत आशेबद्दल मला जे कळलं, ते वीस वर्षं वर्गात मुलांना 'आशावादी राहा' असं सांगताना कळलं नव्हतं.

आजारी जिवाभोवती आपल्याकडे दोन वाक्यं ठरलेली असतात. एक, "काही होणार नाही, सगळं ठीक होईल." दुसरं, "अल्लाह की मर्जी." पहिलं आशेचं आणि दुसरं श्रद्धेचं असं आपण समजतो. मला मात्र दोन्ही वाक्यं बोलणाऱ्याची सुटका करणारी वाटू लागली आहेत. सगळं ठीकच होणार असेल तर रात्री उठायची गरज नाही, आणि सगळं ठरलेलंच असेल तरीही गरज नाही. अल्लाहच्या मर्जीवर माझा विश्वास आहे. पण ती मर्जी काय आहे हे मला रात्री दोन वाजता माहीत नसतं. तेव्हा मला एवढंच माहीत असतं की पाजायची वेळ झाली आहे.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते, त्यामुळे एका भाषेतला शब्द दुसरीत गेल्यावर काय होतं याकडे लक्ष जातं. फारसीतला एकच शब्द उर्दूत 'उम्मीद' झाला आणि मराठीत 'उमेद'. उर्दूतली उम्मीद बहुधा कुणाकडून तरी, कशाची तरी असते. ती बांधतात आणि ती तुटते. मराठीतली उमेद माणसाच्या अंगात असते. ती येते, खचते, पुन्हा धरता येते. आणि 'उमेदवारी' म्हणजे फक्त निवडणुकीचा अर्ज नव्हे. जुनी माणसं अजून म्हणतात, "वकिलाकडे दोन वर्षं उमेदवारी केली." पुढे काय मिळेल याची खात्री नसताना कुणाच्या तरी हाताखाली राबत काम शिकणं, ही उमेदवारी. पिल्लांच्या बाबतीत मला हा अर्थ उपयोगी पडला.

कारण मला काहीच येत नव्हतं. पहिल्या रात्री मी गाईचं दूध पाणी घालून पाजलं आणि सकाळपर्यंत चौघांना जुलाब लागले. जनावरांच्या डॉक्टरांनी एकेक गोष्ट समजावून सांगितली. गाईचं दूध या पिल्लांना सोसत नाही, त्यांच्यासाठी वेगळी दूध पावडर मिळते. आधी ऊब द्यायची, मग दूध. गार पडलेल्या पिल्लाला दूध पचतच नाही. माणसाच्या बाळासारखं उताणं धरून पाजायचं नाही, पोटावर पालथं ठेवायचं, नाहीतर दूध फुफ्फुसात जातं. दर दोन-तीन तासांनी, बिनसुईच्या सिरिंजने, थेंब थेंब. पाजून झाल्यावर कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने खालची बाजू हलकेच पुसायची, कारण एवढ्या लहान पिल्लांना आई चाटते तेव्हाच शी-शू होते. डोळ्यांचं औषध वेळेवर. आणि घरातली तापाची गोळी चुकूनही द्यायची नाही, पॅरासिटामॉल मांजरासाठी विष आहे.

मी एक वही घातली. वेळ, किती मिली, वजन. तब्येतीने बऱ्या पिल्लाचं वजन रोज साधारण दहा ग्रॅमने वाढायला हवं. सगळ्यांत लहानाच्या रकान्यात आकडे पडले १४०, १३८, १३१. तिसऱ्या दिवशी फजरला उठले तेव्हा ते गार झालं होतं. दोन दिवसांनी दुसरं गेलं.

लेकीने विचारलं, "मम्मी, उरलेली दोन जगतील ना?" शिक्षिकेच्या तोंडात 'हो' तयारच असतं. पण मी म्हणाले, "मला माहीत नाही. पाजायची वेळ झालीय, गरम पाणी आण." ती रडली आणि पाणी घेऊन आली. खोटं आश्वासन मी दिलं असतं, तर तिसऱ्याच्या वेळी तिने माझ्यावर विश्वास ठेवला नसता.

मांजराचा विषय निघाला की आपल्याकडे दोन गोष्टी हमखास सांगितल्या जातात. हजरत अबू हुरैरांच्या नावाचा अर्थच 'पिल्लाचे वडील', आणि मांजर कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईला मिळालेली शिक्षा. मला हजरत अबू कतादांची गोष्ट जास्त जवळची वाटते. वुजूच्या पाण्यापाशी मांजर आलं, तेव्हा त्यांनी भांडं तिच्याकडे कलतं केलं आणि तिचं पिऊन होईपर्यंत तसंच धरलं. सुनेला नवल वाटलं, तेव्हा त्यांनी प्रेषितांचं सांगणं तिला ऐकवलं, की मांजर नापाक नाही, ते आपल्या अवतीभवती वावरणाऱ्यांपैकीच आहे. आणखी एक हदीस आहे: कयामत येऊन ठेपली आणि हातात रोप असेल, तर जमल्यास ते लावून टाकावं. त्या रोपाला फळ येणार नाही, हे तर उघडच आहे. तरीही लावायचं.

पण इथेच मी दुसरी चूक केली. तिसऱ्या पिल्लाने अकराव्या दिवशी गिळणं सोडलं. डॉक्टर म्हणाले, "आता जबरदस्तीने पाजू नका, फक्त ऊब द्या." मी ऐकलं नाही. सिरिंज ओठांना लावत राहिले आणि दूध हनुवटीवरून ओघळत राहिलं. मग लक्षात आलं, हा हट्ट त्याच्यासाठी नव्हता, माझ्या वहीतला रकाना रिकामा राहू नये म्हणून होता. मी सिरिंज बाजूला ठेवली. जुन्या सोलापुरी चादरीच्या तुकड्यात गुंडाळून त्याला मांडीवर घेतलं. ईशाच्या सुमारास ते गेलं. जगवण्याचा प्रयत्न संपल्यावरही आपलं काम संपत नाही, हे त्या संध्याकाळी शिकले.

या काळात शेजारपाजारचे लोक नावं ठेवत होते, आणि घरात लेक पिल्लांना नावं ठेवत होती. "माणसांच्या पोरांना दूध मिळत नाही आणि तुम्ही मांजराला पावडर पाजता!" असं म्हणणाऱ्यांना माझं एकच विचारणं आहे: मांजराला न पाजल्याने वाचलेलं दूध तुम्ही कुठल्या पोराला नेऊन दिलं?

आणि मांजरावर प्रेम करतो म्हणणाऱ्यांनाही विचारायचं आहे. घरची मांजरीण व्याली की पिल्लं पोत्यात घालून मटण मार्केटपाशी सोडणारे आपल्यातही आहेत. "तिथे खायला मिळतं," म्हणतात. दूधपित्या पिल्लाला तिथे काय मिळणार? मांजरीण चार-सहा महिन्यांची झाली की गाभण राहू शकते, आणि साधारण नऊ आठवड्यांत विते. ऑपरेशन करून घ्या म्हटलं की उत्तर येतं, अल्लाहच्या कामात ढवळाढवळ नको. पोत्याचं तोंड बांधताना ही शंका कुणाला येत नाही. माझ्या मते पाळलेल्या मांजरीचं ऑपरेशन आणि लसीकरण हाही तिच्यावरच्या मायेचाच भाग आहे. खोक्यातली पिल्लं जगवण्यापेक्षा ती खोक्यात येऊ नयेत हे पाहणं सोपं आहे आणि स्वस्तही.

चौथं पिल्लू जगलं. तिचं नाव बदाम. उजव्या डोळ्यावर थोडी सायीसारखी झाक राहिली आहे, पण पाल तिच्या नजरेतून सुटत नाही. अम्मा तिच्यासाठी मासळीची डोकी उकडून ठेवतात.

या पावसाळ्यात लेक पुन्हा एक खोकं घेऊन आली. या वेळी दोन पिल्लं, डोळे तसेच चिकटलेले. बदामला लागण होऊ नये म्हणून आम्ही ती मागच्या खोलीत नेली. अम्मांनी डोकावून पाहिलं. "ये बी बचते नईं दिखते," म्हणाल्या, आणि पाणी गरम करायला आत गेल्या.