मैदान कोणाच्या मालकीचे?

१० मे २०१६ रोजी पूर्व लंडनमधील अप्टन पार्क येथे, बोलीन मैदानावर, अखेरचा फुटबॉल सामना झाला. वेस्ट हॅम युनायटेडने मँचेस्टर युनायटेडला ३-२ असे हरविले आणि विजयी संघाने आपले ११२ वर्षांचे घर सोडले. पुढे प्रेक्षागृहे पाडून तेथे आठशेहून अधिक सदनिका उभ्या राहिल्या. व्यवहार कायद्याला धरून झाला, ह्यात शंका नाही. प्रश्न निराळाच आहे. अशा मैदानाला जे मोल येते ते निर्माण कोण करतो, आणि ते पडते कोणाच्या पदरात?

ह्या क्लबचा जन्म जहाजांच्या कारखान्यात झाला. ली नदी टेम्सला मिळते तेथे ‘टेम्स आयर्नवर्क्स’ हा कारखाना होता. ब्रिटिश नौदलाची पहिली लोखंडी बांध्याची चिलखती युद्धनौका ‘वॉरियर’ १८६० मध्ये येथेच पाण्यात उतरली. कारखान्याचे चालक अर्नोल्ड हिल्स हे कडवे शाकाहारी आणि मद्यपानाचे विरोधक. ते लंडनच्या शाकाहारी मंडळाचे अध्यक्ष असताना विद्यार्थिदशेतील मोहनदास गांधी त्याच्या कार्यकारिणीवर होते. एका सभासदास काढून टाकण्याच्या वादात, हिल्स यांच्याविषयी आदर असूनही, गांधींनी त्यांच्या विरुद्ध मत दिले होते. संपांमुळे दुरावलेल्या कामगारांसाठी हिल्स यांनी आठ तासांचा दिवस आणला, नफ्यात वाटा देऊ केला आणि १८९५ मध्ये कारखान्याचा फुटबॉल संघ काढला. हेतू उदात्त होता, तितकाच व्यवहारीही. खेळात जुळलेली मने कामावरही जुळलेली राहावीत, ही त्यामागील अपेक्षा.

१९०० मध्ये हा संघ विसर्जित होऊन वेस्ट हॅम युनायटेड ह्या नावाने त्याची मर्यादित कंपनी झाली, आणि १९०४ मध्ये ती बोलीन मैदानावर आली. इकडे कोळसा व लोखंड हाताशी असलेल्या उत्तरेकडील गोद्यांपुढे लंडनचा जहाजधंदा टिकेना. १९१२ मध्ये कारखाना बंद पडला. आश्रयदाता गेला, संघ मात्र राहिला. कारण तोवर वस्तीने त्याला आपला मानले होते. गोदीतील हमाल, गॅस कारखान्यातील मजूर, रेल्वेचे कामगार ह्यांच्या तिकिटांच्या पैशावर तो जगला. दुसऱ्या महायुद्धात ह्या भागाने बाँबवर्षाव सोसला. १९४४ मध्ये खुद्द मैदानही त्यातून सुटले नाही. १९६६ च्या विश्वविजेत्या इंग्लंड संघातील मूर, हर्स्ट व पीटर्स हे तिघे ह्याच क्लबचे. १९८१ मध्ये परिसरातील रॉयल गोद्याही बंद झाल्या. ज्या धंद्यांवर वस्ती उभी होती ते एकामागून एक नाहीसे झाले. क्लबच्या चिन्हावरील दोन हातोडे तेवढे त्यांची साक्ष देत राहिले.

क्लबच्या बाजूनेही बोलण्याजोगे आहे. बोलीन मैदानात सुमारे पस्तीस हजार प्रेक्षक मावत. स्ट्रॅटफर्डच्या ऑलिंपिक मैदानात साठ हजारांची सोय झाली. नवी जागा त्याच न्यूहॅम भागात, काही किलोमीटरवर आहे. शिवाय जुन्या समर्थकांची कित्येक कुटुंबे केव्हाच एसेक्सला राहावयास गेली होती, आणि मैदानालगतच्या ग्रीन स्ट्रीटवर दक्षिण आशियातून आलेल्यांची साड्यांची व दागिन्यांची दुकाने थाटली गेली होती. २०२३ मध्ये क्लबने युरोपीय चषकही जिंकला. मग तक्रार कशाची?

तक्रार हिशेबाची आहे. ऑलिंपिक मैदान फुटबॉलयोग्य करण्यास सुमारे ३२ कोटी ३० लाख पौंड खर्च आला. त्यात क्लबचा वाटा दीड कोटी. नव्व्याण्णव वर्षांच्या कराराचे मूळ भाडे वर्षाला सुमारे २५ लाख पौंड. म्हणजे नव्या घराचा बहुतेक भार सार्वजनिक तिजोरीवर पडला आणि जुन्या घराच्या विक्रीचे पैसे क्लबला मिळाले. सामन्याच्या दिवशी गजबजणाऱ्या खाणावळी, पब आणि छोटी दुकाने ह्यांचे गिऱ्हाईक गेले. त्याची नोंद मात्र कोणत्याच ताळेबंदात झाली नाही. चार पिढ्यांचा लोभ ही जर क्लबची खरी पुंजी असेल, तर ती पुरविणाऱ्यास भागधारकाचा नव्हे, पण निदान विचारले जाण्याचा हक्क असावयास नको काय?

ब्रिटिश संसदेने २०२५ मध्ये फुटबॉल नियमनाचा कायदा संमत करून, मैदान विकण्यापूर्वी वा स्थलांतर करण्यापूर्वी स्वतंत्र नियामकाची संमती आवश्यक ठरविली. अप्टन पार्कच्या दृष्टीने ती नऊ वर्षे उशिरा आली. तरीही मैदान ही मालकाची केवळ खासगी चीजवस्तू नव्हे, एवढे तत्त्व त्यातून मान्य झाले. आता पुढचे पाऊल हवे. समर्थकांइतकाच परिसरालाही अशा निर्णयात आवाज मिळाला पाहिजे. हिल्स यांनी संघ दिला, हे खरे; परंतु कारखाना बुडाल्यावर तो तारला वस्तीने. देणाऱ्याचे नाव इतिहासात राहिले. तारणाऱ्याचे ऋण कायद्यात नोंदले जावे, एवढीच अपेक्षा आहे.